निमोण्याच्या माळावर मी उतरलो

मित्रांनो, मी एक जुनं हेलिकॉप्टर आहे. पण जुनं म्हणून माझी कीव करू नका. माझी दोन्ही इंजिनं सुरू होतात तेव्हा आजही माझ्या अंगावर शहारा येतो!

कारखान्यातून बाहेर पडलो आणि थेट समुद्रावर कामाला लागलो. मुंबईहून बारा-बारा कामगार घेऊन तेलविहिरींवर जायचं, खारा वारा खात परत यायचं. उतरताना पायलट माझ्या दारावर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास!" त्या एका शब्दावर मी अठरा वर्षं उडालो. मग नवी हेलिकॉप्टरं आली आणि मला हँगरच्या कोपऱ्यात लोटलं. तीन वर्षं अंगावर ताडपत्री. कबुतरं तेवढी निवांत येऊन बसायची.

एका सकाळी ताडपत्री सर्रकन ओढली गेली. समोर निमोण्याचे बापूसाहेब! शिरूर-दौंडच्या रुग्णांना झटपट पुण्याला नेता यावं, म्हणून त्यांच्या संस्थेला जुनं हेलिकॉप्टर घ्यायचं होतं. त्यांचा धाकटा भाऊ अपघातानंतर रस्त्यावरच्या गर्दीत, अँब्युलन्समध्येच गेला होता. बाजारात बैल पारखावा तसे ते माझ्याभोवती फिरले. "गडी दणकट हाय!" म्हणाले. मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं.

त्यांच्यासोबत दीक्षा होती. दौंडच्या रेल्वेतल्या पोपट फिटरची ही मुलगी हेलिकॉप्टरची इंजिनीअर. मला विकायला निघालेल्या दलालानं दिलेल्या नव्या रंगाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. दोन दिवस माझ्या नोंदवह्या वाचल्या. मग गिअरबॉक्सच्या तळाचं बूच काढून फडक्यावर पुसलं. फडक्यावर लोखंडाचा बारीक कीस चमकला. मी शरमलो.

"जुन्या मशीनला एवढं चालतंच," दलाल म्हणाला.

"नाही चालत," दीक्षा म्हणाली. "आत काहीतरी झिजतंय. गिअरबॉक्स बदलल्याशिवाय मी सही करणार नाही."

बापूसाहेब तडकले. "अवो मॅडम, शुक्रवारी उद्घाटन हाय! मंडप घातलाय, पाव्हण्यांना सांगावा गेलाय. आता कुठं तोंड लपवू?"

संपलं, मला वाटलं. आता परत ताडपत्री.

"बापूसाहेब," दीक्षा हळू आवाजात म्हणाली, "यात झोपलेल्या पेशंटला मधेच उतरता येत नाही. मला दोन महिने द्या."

बापूसाहेबांनी ते फडकं उचलून उजेडात धरलं. मग त्यांनी संस्थेच्या जयसिंगला फोन लावला. "जयसिंग, मंडप सोडा. व्हय, दोन महिन्यांनी. कारण? ताई न्हाई म्हणत्यात, हेच कारण!"

नवा गिअरबॉक्स बसला, दीक्षानं सही केली आणि मी निघालो. आयुष्यभर समुद्र पाहिलेला मी, पहिल्यांदाच डोंगर ओलांडला! खाली उसाची हिरवी रानं, वळणं घेत जाणारी घोड नदी. निमोण्याच्या माळावर सारा गाव लोटला होता. माझ्या वाऱ्यानं टोप्या उडाल्या, पोरं नाचली. म्हाताऱ्या दगडाबाई ओवाळायला ताट घेऊन पुढे आल्या. "लांबनं आलाय," म्हणाल्या, "दमला आसंल."

दमतोय कसला! आठवडाभरातच भीमेला पूर आला. दौंडकडच्या एका वस्तीवर सायली नावाची बाई बाळंतपणात अडली होती आणि सगळे रस्ते पाण्याखाली. ढग खाली उतरलेले. पायलटनं मला शाळेच्या मैदानातल्या चिखलातच टेकवलं. सायलीला आत घेतलं, तिच्या उशाशी डॉक्टर, मागे दीक्षा. वारा मला ढकलत होता. पण इंजिनं एका सुरात चालली होती. वीस मिनिटांत पुणं!

संध्याकाळी माळावर फोन आला. "मुलगी झाली! दोघी सुखरूप हायती!" बापूसाहेब साऱ्या माळाला ऐकू जाईल असे ओरडले. दीक्षा माझ्या चाकांचा चिखल धूत होती. त्यांनी तिच्या हातातला पाइप घेतला. "द्या इकडं, ताई. आज मी धुतो." सत्तरीचा माणूस गुडघ्यापर्यंत भिजला, पण एक चाक सोडलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुनी सायकल असेल, पाण्याची मोटार असेल. वरून रंग फासून आमचं दुखणं झाकू नका. उघडून बघा, वेळेवर दुरुस्त करा. आम्हा जुन्यांना आराम नको असतो. कामावर निघण्याआधी कुणीतरी मनापासून विचारपूस करावी, एवढंच हवं असतं.

थांबा, बापूसाहेब फोन कानाला लावून पळत येतायत! मागे सरका, मित्रांनो, टोप्या सांभाळा. माझी पाती फिरायला लागली!