चार भोकांचा पत्रा आणि न पाहिलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पत्रा आहे. आकाराने परातीएवढा, अंगाने जाड, आणि अंगावर चार भोकं. मला बघून कुणाला आदर वाटत नाही, उलट पायाने सरकवावंसंच वाटतं. सरकवा खुशाल. पण आधी माझी कहाणी ऐका.

जालन्याच्या एमआयडीसीत माझा जन्म झाला. माझी भावंडं कुणी फाटक झाली, कुणी पाण्याची टाकी. मला मात्र नेमकी मापून भोकं पाडली आणि वर्षाराणीच्या हवाली केलं. वर्षाराणी इंजिनिअर. तयार इमारतींसाठी काँक्रीटचा पाया कसा आणि किती खोल घ्यायचा, हे ती ठरवायची.

या तयार इमारतींची गंमत अशी, की त्यांचे खांब, तुळया, छप्पर सगळं कारखान्यातच बनतं. ट्रेलरवरून आणायचं आणि पायातून वर आलेल्या बोल्टांवर बसवायचं. त्यासाठी बोल्ट ठरल्या जागी ताठ उभे हवेत. एखादा जरी कलला तरी खांब बसत नाही, आणि वाळलेलं काँक्रीट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ओलं काँक्रीट ओतताना त्या चार बोल्टांना माझ्या चार भोकांत सरळ धरून ठेवायचं, हे माझं काम. काँक्रीट घट्ट झालं की मला काढायचे, पुसायचे आणि पुढच्या खड्ड्यावर न्यायचे.

इथंच माझं दुखणं होतं. खांब यायच्या आधीच माझी उचलबांगडी व्हायची. मांडव घालणाऱ्याला वरात यायच्या आधी घरी पाठवावं, तसं. जाफराबादपासून जालन्यापर्यंत किती पाये धरले, पण त्यांवर उभी राहिलेली एकही इमारत मी पाहिली नव्हती. एकदा, फक्त एकदा बघावी, एवढीच माझी इच्छा होती.

माझं शेवटचं काम भोकरदन रस्त्यालगत होतं, बियाण्याच्या गोदामाचं. वर्षाराणीने संपूर्ण स्वतःच्या जबाबदारीवर केलेला तो पहिला पाया. ठेकेदार धर्मराज खड्ड्यात डोकावून कुरकुरला, "मॅडम, पत्र्याचं हलकं शेड हाय. येवढं खाली कशाला जायचं? खर्चा वाढून राह्यला."

"हलकं हाय म्हणूनच जायचं, धर्मराजभाऊ," ती म्हणाली. "जड घर आपल्या वजनानं बसतं. हलक्याला वारा वर उचलतो. अन् ही काळी माती पावसात फुगती, उन्हाळ्यात फाटती. मुरूम लागंस्तोवर खोदा."

तिने तळाचा ठोकळा मुद्दाम रुंद धरला होता. त्याच्यावरची माती वाऱ्याच्या विरुद्ध आपलंही वजन घालील, हा तिचा हिशेब. पण हा हिशेब ती नुसता कॉलेजात शिकली नव्हती. तिचे वडील कारभारी हे मेंढपाळ. तिचं बालपण मेंढरांमागे फिरत, कापडी पालात गेलं. एका वादळी पावसात खुंटी उपसली आणि पाल उडालं. आभाळाखाली भिजत बसलेल्या त्या पोरीला कारभारी म्हणाले होते, "पाल म्हणलं की उडायचंच." तिला ते पटलं नाही. ती मामाकडे शिकायला राहिली, आणि बापलेकीच्या वाटा तिथून वेगळ्या झाल्या.

शेवटचा खड्डा भरला आणि दुसऱ्याच दिवशी कारभारी मेंढरं घेऊन रस्त्याने आले. लेकीचं काम बघायला मुद्दाम वाट वाकडी केली होती. समोर काय, तर काँक्रीटचे ठोकळे आणि त्यांतून वर आलेले बोल्ट. त्यांनी फेटा सारखा केला आणि मिशीतल्या मिशीत हसले. "वर्षे, खुंट्या तर लई भारी ठोकल्यास. पाल कधी ताणतीस?"

"थोडे दिस थांबा की अण्णा. खांब येऊन राह्यले."

"मी थांबीन गं. मेंढरं थांबत न्हाईत."

तिचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. माझी भोकं झिजून सैल झाली होती, म्हणून तिने मला बाजूला टाकलं होतं. "हा पत्रा टाकून देतीस? मंग मला दे. पालाच्या दोराला वजन होईल." अशा रीतीने आम्ही दोघंही तो खांब न बघताच निघालो.

मित्रांनो, त्यानंतर मी कारभारींच्या घोड्यावर बसून खूप फिरलो. रोज संध्याकाळी कारभारी माझ्या भोकांतून दोर ओवायचे आणि माझ्यावर दगड ठेवायचे. वारा सुटला की मी पाल धरून ठेवायचो, आणि मनात म्हणायचो, खांब बसला असेल का? रात्री कारभारीही कधीकधी माझ्यावर हात ठेवून भोकरदनच्या दिशेला बघत बसत. पोरीची आठवण येते, असं ते कुणाला म्हणाले नाहीत. पण मला कळायचं.

वैशाखात मोठं वादळ झालं. आमचं पाल तगलं. पण सकाळी रस्त्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, की तिकडं शेडंच्या शेडं उडाली. कारभारींनी चहा तसाच ठेवला. मेंढरं वळवली. दोन दिवस आम्ही भोकरदनच्या वाटेने चालत राहिलो.

गोदाम उभं होतं.

राखणदाराला विचारून कारभारी पहिल्याच खांबाशी गेले. नटांवरची माती बोटाने पुसली. मग घोड्यावरून मला उतरवलं आणि खांबाच्या पायाशी टेकवून धरलं. चार बोल्ट, माझी चार भोकं. मी वर बघितलं. खांब सरळ गेला होता, थेट छपरापर्यंत. केवढा उंच! मला रडता येत नाही, नाहीतर रडलो असतो.

कारभारींनी फोन लावला. वर्षाराणी तेव्हा दूर नागपूरकडे दुसऱ्या कामावर होती. "वर्षे," ते म्हणाले, "पाल बराबर ताणलंय. खुंटी हालली न्हाई."

मग ती म्हणाली, "अण्णा, आत जाऊन पाह्यलं का?"

"न्हाई. मेंढरं बाहेर हायेत."

फोन ठेवून ते खाली बसले आणि त्यांनी खांबाला पाठ टेकली. मित्रांनो, पालाला पाठ टेकायला भिंत नसते. जन्मभर उकिडवं बसलेला तो माणूस लेकीच्या खांबाला टेकून दुपारभर झोपला. मेंढरं आसपास चरत राहिली.

आता मी पुन्हा पालापाशी आहे, आणखी गंजलो आहे. माझं एकच मागणं आहे. एखाद्या नव्या शेडमध्ये गेलात, तर छप्पर नंतर बघा. आधी खांबाच्या पायाशी वाका, नटांवरची माती पुसा, गंज दिसला तर तेल लावायला सांगा. आणि ते बोल्ट ज्याने रोवले, त्याचं कुणी म्हातारं माणूस वाटेवर असेल, तर त्याला बोलवा. त्याला म्हणावं, घटकाभर टेका. मेंढरं आम्ही बघतो.