बाकीचे पळाले की पळणारं पोर

"ह्याच्या कानात कायतरी हाय बाई, एकडाव डाक्टरले दाखव," कमलीबाई म्हणाली. तिच्या हातात खिचडीचा डाव होता. मी ऋषिकेशची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला शाळेत गेले होते. जुलै महिना होता, माझा मुलगा पहिलीत जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

कमलीबाई तांड्यावरची, पंधरा वर्षांपासून केनवडच्या आमच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणारी. मी बी.एस्सी. झालेली. मी हसले.

"कान चांगले हायेत मावशी त्याचे. ध्यान नाही राहत."

"ध्यान लय हाय त्याले. म्हणून तं सांगून राह्यली."

मी ते तिथंच सोडून दिलं. माझ्याइतकं लक्ष कोणती आई ठेवत असेल, असं मला वाटायचं. नखं, दप्तर, वहीचं पान न् पान मी रोज पाहायची. संध्याकाळी ओसरीवर त्याला समोर बसवायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "माझ्या तोंडाकडे पाहा." तो पाहायचा. मी 'कमळ' म्हटलं की पाटीवर कमळ उतरायचं. गणपती उठेपर्यंत काना, मात्रा, वेलांटी, सगळं झालं. त्याच्या बाबांना मी म्हणायची, आपला पोरगा वर्गात पहिला येणार.

दसऱ्याच्या आधी त्याच्या वर्गाच्या निता मॅडमनी बोलावलं आणि श्रुतलेखनाची वही पुढं केली. दहापैकी दोन शब्द बरोबर होते. बाकीच्या ओळी एक तर कोऱ्या, नाहीतर शेजारच्या मुलाच्या चुकांसकट उतरवलेल्या.

"खिडकीतून बाहेर बघत बसतो," मॅडम म्हणाल्या. "विचारलं की नुसता हसतो."

"घरी तर त्याले सगळं येते. मग इथं काहून येत नाही? तुमी फळ्याकडं तोंड करून शिकवता, लेकराइकडं पाहत तरी असता का?"

मॅडमचा चेहरा उतरला. "अठ्ठावीस आहेत ताई. पाहते मी."

घरी येताना वाटेत मी ऋषीला एक चापट मारली. तो रडला नाही. का मारलं हे विचारलंही नाही. फक्त माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

घरी सासूबाईंना कळलंच. "पहिलीतल्या पोट्ट्याले कायले मारतं व? त्याले काय आताच तहसीलदार करतं?"

मग सोयाबीनची काढणी आली. मजुरांसोबत घरचेही वावरात, आणि बारा जणांच्या भाकरी माझ्याकडे. अभ्यास बुडू द्यायचा नव्हता, म्हणून मी ऋषीला चुलीपाशी पाटी घेऊन बसवलं आणि भाकरी थापता थापता शब्द सांगू लागले.

"लिही, विहीर."

दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "बैल. मग तोरण."

काहीच आवाज नाही. मागे वळून पाहिलं तर पाटी कोरी. पेन्सिल हातात तयार धरून तो माझ्याकडेच पाहत होता, आणि चांगला खुशीत होता.

"मम्मी, इकडं पाहून सांग नं."

माझे हात पिठात होते. मी पुन्हा चुलीकडे तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "ऋषी." मग परत, "ऋषी." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काहून हाका मारून राह्यली व त्याले?"

भिंतीपलीकडे बसलेल्या सासूबाईंना ऐकू गेलं होतं. माझ्या पाठीशी हातभर अंतरावर बसलेल्या माझ्या लेकराला नाही.

तीन महिने मी त्याला अक्षरं शिकवत नव्हतेच. मी त्याला ओठ वाचायला शिकवत होते, आणि ते तो इतक्या हुशारीनं शिकला, की त्याचं दुखणं मलाच दिसेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी वाशीमला गेलो. डॉक्टरांनी कानावर डबड्यांसारखं यंत्र लावून तपासलं. दोन्ही पडद्यांमागं पाणी साचलं होतं. वारंवारच्या सर्दीनं लहान मुलांत होतं असं, म्हणाले. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. दिवाळीनंतर पुन्हा आणा, नाहीच ओसरलं तर छोटं ऑपरेशन आहे. तोवर वर्गात पुढं बसवा, समोरून बोला. "वेळेत आलात," असंही म्हणाले. ते ऐकताना मी मान खाली घातली.

निता मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मलाही दिसलं नाही ताई." त्याच दिवशी त्यांनी ऋषीला पहिल्या रांगेत बसवलं. तेव्हापासून एक शब्द सांगायचा असला तरी त्या फळ्याकडून वळतात, मग बोलतात. पुढच्या श्रुतलेखनात त्याचे सात बरोबर आले.

कमलीबाईकडे साडी घेऊन गेले. ती भांडी घासत होती.

"साडी कायले? तुयं पोट्टं दोन डाव जास्त खाते, ते मॅडमले सांगू नको म्हंजे झालं."

"पण मावशी, तुमाले कसं समजलं?"

"अवं, इथून मी 'चला रे' म्हनतो, तं सारे पयतात. हा नाही पयत. बाकीचे पयाले का मंग पयते. रोज शेवटी. भुकेलं लेकरू शेवटी काहून येईन, सांग." तिनं हात धुतले. "माया पोराचं, किशनचं, असंच होतं. मी त्याले आयशी, ऐदी म्हनू म्हनू मारलं. आता बकऱ्या चारते. चांगला हाय, पन चार शब्दाच्या वर बोलत नाही."

साडी तिनं ठेवून घेतली.

मग तीच म्हणाली, "आनखी एक हाय. आमच्या तांड्यावरची चंदा, भाऊसिंगची. तुया ऋषीच्याच वर्गात. ते बी शेवटी पयते. बापाले सांगतलं तं म्हने दिवाळी होऊ दे. तू वाशीमले जाशीन तवा तिले संगं ने."

"नेतो ना," मी म्हटलं. दिवाळीनंतर जायचंच होतं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी सकाळी ऋषीला घेऊन मी तांड्यावर गेले. भाऊसिंगच्या दाराला कुलूप होतं. भाऊबीज झाल्यावर ट्रक आला आणि सगळे ऊसतोडीला गेले, कमलीबाईनं सांगितलं. दर वर्षी चंदा आजीपाशी राहायची. आजी पावसाळ्यात वारली, आणि आता तान्ह्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. टोळीच्या मुकादमाचा फोन अजून लागत नाही. कोणी म्हणतं कऱ्हाडकडे गेले, कोणी म्हणतं पार कर्नाटकात. मॅडमही फोन लावून लावून थकल्या.

त्याच दिवशी वाशीमला डॉक्टर म्हणाले, ऋषीच्या एका कानातलं पाणी गेलंय, दुसऱ्यातलं कमी होतंय, ऑपरेशन लागायचं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी मागून त्याला हाक मारली. तो वळला, वैतागून म्हणाला, "काय व मम्मी?" ज्यांचे उपकार आठवायचे ते सगळे त्या पायरीवर आठवले. कमलीबाई सगळ्यांत आधी. जुलैमध्ये मी तिचं ऐकलं असतं, तर तिनं चंदाचंही तेव्हाच सांगितलं असतं, आणि ती माझ्यासोबत आली असती.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या शिवारात यंदा ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या असतील, तर एक दिवस त्यांच्या कोप्यांकडे, त्या पाचटाच्या झोपड्यांकडे, चक्कर मारा. सहा वर्षांची मुलगी, कडेवर बाळ, उजव्या गालावर गोंदल्यासारखा तीळ. हाक मारल्यावर वळली नाही, तर तिला उद्धट समजू नका. पुढे जा, तिच्यासमोर खाली बसा, तुमचं तोंड तिला नीट दिसू द्या, आणि मग विचारा, तू चंदा का गं?