टोकाचं नाव

ओलुफ डेन्मार्कहून आमच्या किनाऱ्याचा नकाशा काढायला आला होता. तीन पायांची दुर्बीण रोवायची, एक डोळा मिटायचा आणि वहीत रेघोट्या ओढायच्या, एवढंच त्याचं काम. धुकं आलं की तेही बंद. मग तो माझ्याकडे यायचा, कारण उत्तरेकडच्या खाड्यांत राहिलेली मी एकटीच जिवंत उरले होते. वाहून आलेल्या लाकडाच्या तुकड्यावर मी त्याला तो सगळा किनारा खाचाखोचांसकट कोरून दिला.

समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या एका टोकावर बोट ठेवून तो म्हणाला, "आर्नाजिक मावशी, याचं नाव काय?"

"नाही सांगायचं."

"विसरलीस होय?"

"तुझं तोंड विसरेन, ते नाही विसरायची!"

माझ्या नवऱ्याचं आणि त्या टोकाचं नाव एकच. तिथेच त्याची कयाक, कातड्याची होडी, उलटली. आमच्यात मेलेल्याचं नाव कुणी घेत नाही. नव्या बाळाला ते दिलं की माणूस परत आला, मग खुशाल हाका मारा. पण आमच्या वस्तीत चार वर्षांत पाळणा हलला नव्हता. चार वर्षं ते नाव माझ्या घशात अडकलं होतं. घास उतरत नव्हता.

ओलुफच्या बायकोला तिकडे दिवस गेले होते. मी म्हटलं, "तुझ्या बाळाला हे नाव देशील? मुलगी झाली तरी चालेल."

"देईन की! त्यात काय!"

मी त्याच्या कानात नाव सांगितलं. त्या हिवाळ्यात मला जेवण गेलं.

दोन वर्षांनी बर्फ फुटल्यावर त्याचं जहाज पुन्हा आलं. माझ्या तंबूत शिरून त्याने आधी नकाशाच पसरला. "बघ मावशी, टोकाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंय!"

"आणि पोर?"

"मस्त आहे. चालायला लागलाय फ्रेदेरिक." मग जरा चाचरला. "सासऱ्यांचं नाव ठेवलं. ते अडूनच बसले गं. पण हे कागदावर आहे, कायमचं. जगभर वाचतील."

बिचाऱ्याला वाटत होतं, आपण कबूल केल्यापेक्षा जास्तच दिलं. माझं डोकं फिरलं.

"मग मार हाक! बघू ते टोक वळून बघतंय का."

त्याला वाटलं, मला ऐकायचंय. त्याने ते नाव खणखणीत आवाजात वाचलं. तंबूत जमलेल्या वस्तीतल्या बायकांनी माना खाली घातल्या.

मी मात्र दाराकडे बघितलं, हाक ऐकून कुणी येतंय का.