टेम्पोची प्लेट, जीपच्या पोटात

मी क्लच प्लेट बोलतेय. पण आधी तुम्ही सांगा, कोणाच्या बाजूने ऐकताय? मालकाच्या की मिस्त्रीच्या? विचारलेलं बरं. माझा जन्म दोन लोखंडी चकत्यांच्या मध्ये दाबून घेण्यात जातो, त्यामुळे कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

मी घडले टेम्पोसाठी. मधोमध दहा दात, कडेला घासायचं अस्तर. कारखान्यातून निघाले ती चौसाळ्याला, हमरस्त्यावरच्या छबुबाईच्या गॅरेजात येऊन पडले. छबुबाईचा नवरा मिस्त्री होता. तो वारल्यावर तिने पाना हातात घेतला. पण गिऱ्हाईक गाडी सोडून चहाला जात नसे; शेजारी उभं राहून तिचे हात बघत बसे. मीही फळीवरून तेच करत होते.

एके दिवशी पालीचे विजयसिंह आपली बासष्ट सालची जीप घेऊन आले. वडिलांनी हिच्यातून निवडणुकीचा प्रचार केलेला. आता तिला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची होती आणि क्लच पार झिजलेला. त्या जीपची प्लेट कुठे मिळेना. छबुबाईने जुनी प्लेट माझ्यावर ठेवली, कड जुळवली, बोटाने दात मोजले.

"दादा, ही टेम्पोची हाय. पन माप एक, दात एक. चोख बसंल."

"आन् न्हाई चालली तर?"

"तर गॅरेजवरची माझी पाटी तुमीच उतरवा."

एवढा शब्द कोणी उगाच देतं का? मला शंका आली. मग तिने माझ्या मधल्या भागाला, जिथे काही घासत नाही तिथे, कुंकवाचा टिळा लावला. स्वतःच्या कपाळाला ती कुंकू लावत नाही, पण नवऱ्याची रीत म्हणून प्रत्येक नव्या पार्टाला लावते. पण बोकडाला टिळा कधी लावतात ते मला ठाऊक होतं. टिळा इंजिनाकडे करून तिने मला आत बसवलं.

खरं सांगते, मी झकास बसले. मांजरसुंब्याचा घाट पार करून जीप पालीला पोचली, जराही कुरबूर नाही.

पण विजयसिंहांच्या मनातलं कुसळ जाईना. टेम्पोची सांगून भंगारातली घातली असेल तर? दोन दिवसांनी त्यांनी बीडला ओळखीच्या मिस्त्रीकडून गुपचूप गाडी खोलून घेतली. मी नवीकोरीच निघाले. त्या मिस्त्रीने मात्र घाईत मला उलटी बसवली. झालं! क्लचचं पेडल कितीही दाबा, मी इंजिनाला सोडेना. गिअर पडेना, नुसता खरखराट.

दुसऱ्या दिवशी जीप ट्रॅक्टरला बांधून चौसाळ्याला आली. माणसं जमली.

"छबुबाई, फसवलं तुमी. दुसऱ्या गाडीचा माल घातला की असंच हुतं. शिडी आना रे, पाटी उतरवतो."

कोणीतरी खरंच शिडी आणली. खरं काय ते मला माहीत होतं, पण मी आत अडकलेली. फार वाईट वाटलं. आणि मीही तिला कसाई समजले होते, त्याची लाज वाटली.

"पाटी काढा," छबुबाई म्हणाली, "पन आधी मला बगू द्या."

तिने गिअरबॉक्स उतरवला, मला काढायला हात घातला आणि थबकली. टिळा तिच्याकडे होता.

"दादा, टिळा मी इंजिनाकडं केलता. हिकडं कसा आला? मदी कुनी खोलली गाडी?"

"बीडला दावलती," विजयसिंह शिडीकडे बघत म्हणाले. "खात्री करावी म्हनून."

गर्दीतलं कोणी हसलं नाही. आपणही गाडीशेजारी उभं राहून तिचे हात बघत बसायचो, हे ज्याला त्याला आठवलं असावं.

छबुबाईने मला पुसून सरळ केलं आणि कुंकवाची डबी त्यांच्यापुढे धरली. "आता तुमच्या हातानं लावा."

त्यांनी अंगठ्याने लावलं. मग ते त्याच शिडीवर चढले, पाटीवरची धूळ उपरण्याने पुसली आणि खाली उतरले.

आज मी त्याच जीपच्या पोटात फिरते आहे. चढ आला की विजयसिंह अजून कान देऊन ऐकतात. मीही ऐकते, स्वभावाला औषध नाही. तुम्हाला एवढंच सांगणं, संशय आला तर खुशाल खोला, पण ज्याने बसवलं त्याच्यासमोर खोला.

आणि चौसाळ्यावरून गेलात तर छबुबाईची माझ्यातर्फे माफी मागा. मीही तिच्यावर संशय घेतला होता, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.