बोटावरचा घट्टा

गिटार दादाची. त्याने ती मोठ्या हौसेने आणली, आठवडाभर गळ्यात अडकवून आरशासमोर उभा राहिला आणि मग नोकरीसाठी परगावी निघून गेला. तेव्हापासून गिटार कपाटावर पडून होती. "दादाने आणली नि धुळीने वाजवली," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

धाकटीने एका रविवारी स्टूल लावून ती खाली काढली. धाकटी तेव्हा पंचविशीला टेकली होती. एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची. काम तिला आवडायचं, पण सकाळपासून तोंडात तीच दोन वाक्यं: मूठ आवळा, आता सोडा. संध्याकाळी घरी आल्यावर काहीतरी निराळं करावं असं तिला बरेच दिवस वाटत होतं.

गिटारचा क्लास लॉंड्रीच्या वरच्या खोलीत भरायचा. खालून इस्त्रीची ऊब वर यायची. पहिल्या दिवशी पाहते तर सगळी शाळकरी पोरं. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने तिला विचारलं, "तुम्ही कुणाच्या आई?"

"कुणाचीच नाही. शिकायला आलेय."

"एवढ्या मोठ्या?"

"राहून गेलं होतं गं," धाकटी म्हणाली आणि तिच्याच शेजारी बसली.

सर बोलायचे कमी. कुणी चुकलं की नुसती एक भुवई वर करायचे. धाकटीच्या वाट्याला ती भुवई फार वेळा आली. डाव्या हाताची बोटं दांडीवर, तारा दाबायला; उजवा हात खाली, छेडायला. ऐकायला सोपं. पण एक बोट नीट दाबलं की दुसरं शेजारच्या तारेवर आडवं पडायचं, आणि आवाज यायचा तो डबा आपटल्यासारखा. तारांनी बोटांची टोकं सोलवटून निघाली. आई म्हणाली, "पैसे देऊन दुखणं विकत घेणारी तू पहिलीच."

तरी ती रोज बसायची. हळूहळू दुखणं गेलं आणि बोटांच्या टोकांवर घट्टे आले. तिने सरांना दाखवले तेव्हा सर चक्क हसले. "आता तू शिकायला लागलीस," ते म्हणाले.

त्याच सुमारास लॅबमध्ये दर महिन्याला येणाऱ्या आजी आल्या. आजींच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक, आणि जीभ सुईपेक्षा धारदार. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू द्यायच्या नाहीत. धाकटीने दंडाला पट्टा बांधला, नेहमीसारखं डावं बोट कोपराच्या खळगीत टेकवलं आणि शीर शोधू लागली. शीर लागेना. अंदाजाने सुई घातली, रक्त आलं नाही. दुसऱ्या हाताला घातली, तिथेही तेच.

"अगं, आज बोटं घरी ठेवून आलीस का?" आजी म्हणाल्या.

शेवटी मॅडमना बोलवावं लागलं. मॅडम म्हणजे लॅबच्या मुख्य. त्यांनी रक्त काढलं, आजींची समजूत घातली आणि त्या गेल्यावर धाकटीला बाजूला घेतलं. "या आठवड्यातली ही काही पहिली वेळ नाही. झोप होत नाही का? काय चाललंय?"

"हातमोजे बदललेत ना, जरा जाड आहेत," धाकटी म्हणाली. पण मॅडमच्या हातातही तेच मोजे होते.

धाकटी रक्त काढायला शिकत असताना तिला एक सराव दिलेला होता. टेबलावर केस ठेवायचा, वर कागद ठेवायचा आणि डोळे मिटून बोटाने केस शोधायचा. त्या संध्याकाळी तिने आपलाच एक केस घेतला आणि वर कागद ठेवला. उजव्या बोटाला केस लगेच सापडला. डावं बोट त्याच्यावरून तीनदा गेलं, पण घट्ट्यातून त्याला काही कळलं नाही.

आईने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मग सोड ती गिटार. पोट कशावर चालतं?"

गिटार पुन्हा कपाटावर गेली. हळूहळू घट्टे सुटले, पापुद्रे निघाले, खालून मऊ कातडी आली. शिरा पहिल्यासारख्या लागू लागल्या. मॅडमनी पुन्हा काही विचारलं नाही. सगळं सुरळीत झालं, फक्त संध्याकाळी घरी आल्यावर काय करावं ते तिला कळेना. बसल्या जागी मांडीवर बोटं कॉर्ड धरायची, दोन-तीन तारा एकदम दाबल्यासारखी, आणि ती आपलीच चिडायची.

एका सकाळी ती एका रिक्षावाल्याचं रक्त काढत होती. डावं बोट शिरेवर, उजव्या हातात सुई. तिचं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. हा हात सुई फक्त धरतो. याला काही ओळखावं लागत नाही.

"ताई, झालं का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"झालं, झालं," ती म्हणाली, आणि संध्याकाळी थेट लॉंड्रीवर गेली.

"सर, मी उलटी वाजवली तर? तारा उजव्या हाताने दाबायच्या, डाव्याने छेडायच्या."

"तू डावरी आहेस?"

"नाही." मग तिने कारण सांगितलं.

सरांनी या वेळी दोन्ही भुवया वर केल्या. "डावरी मुलं मी शिकवलीत. पण ही तर्‍हा नवीन आहे. तारा उलट्या क्रमाने चढवाव्या लागतील, दांडीच्या टोकाशी त्या बसतात त्या खाचा नव्याने कोराव्या लागतील. ते मी करून देतो. पण आजवर शिकलीस त्यातलं हाताला काही उरणार नाही, हे लक्षात घे."

"फार कुठे शिकले होते?"

"तेही खरंच," सर म्हणाले.

घरी आईला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे पहिले पाढे पंचावन्न!" पण स्टूल तिनेच आणून दिलं.

पहिले पाढेच होते. उजवा हात, जो आयुष्यभर लिहीत आला होता, तो दांडीवर अगदी मठ्ठ निघाला. बोटं पुन्हा सोलवटली. पेन धरताना झोंबायची. वेण्यांवाली मुलगी तोवर पूर्ण गाणी वाजवू लागली होती. एवढं मात्र बरं झालं की सर समोर बसले की दोघांचे हात आरशातल्यासारखे जुळायचे. त्यांचं बघून नुसतं तसंच करायचं. उजव्या बोटांवर घट्टे आले. डावं बोट मऊच राहिलं. पुढे आजी आल्या तेव्हा पहिल्याच सुईत रक्त आलं, आणि आजी काहीही न बोलता बाही खाली करून निघून गेल्या. हे त्यांच्याकडून कौतुकच होतं.

वर्ष उलटून गेलं होतं. एका सुट्टीच्या दुपारी धाकटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाजवत होती आणि आई भांडी पुसत होती. आई एक जुनं गाणं गुणगुणत होती. धाकटीने सूर शोधला आणि साथ धरली. तिला तीनच कॉर्ड नीट यायच्या, त्यांनीच काम भागलं. फक्त एकावरून दुसरीवर जायला वेळ लागायचा, तोवर आई तोच सूर लांबवून थांबायची.

"अगं, श्वास संपतोय माझा," आई मध्येच म्हणाली.

"एक मिनिट, बोट बसतंय."

"बसव बाई, बसव," आईने दम घेतला आणि पुढची ओळ सुरू केली.