तुळसाबाईची टिकली

पांढरकवड्याच्या स्टँडामागं माहं टायपिंगचं दुकान हाय. जुना कम्प्युटर, त्यात लिनक्स टाकलेलं. कॉलेजातल्या देवीलाल सरले कोलामी गान्यायचं पुस्तक काढाचं होतं, इंग्रजी अक्षरात, डोक्यावर रेघा अन् पायाखाली टिंबं देऊन. गानी सांगाले कोलामांच्या पोडावरून, म्हंजे त्यायच्या वस्तीवरून, रुखमाबाई दर बाजाराच्या दिवशी ये. ती म्हने, मी टाईप करो.

हे रेघा-टिंबाचं काम म्हंजे डोक्शाले ताप. आधी मेनूचं बटन, मंग खालची रेघ, म्हंजे अंडरस्कोर, मंग ए, तवा एका ए च्या डोक्यावर रेघ चढते. ळ चं टिंब पाहिजे तं मेनू, उद्गारचिन्ह, एल. एका ओळीत धा खेपा हेच.

त्यात रुखमाबाईची अट. जिनं गानं देल्लं तिचं नाव गान्याखाली लागलंच पाहिजे. नाव न घेता गानं सांगनं म्हंजे रुखमाबाईच्या घरी चोरीच समजत. गानी त्रेसष्ट, सारी तिच्या मायची, तुळसाबाईची. कटाळून मी सेटिंगच्या फाईलीत एक ओळ घातली. मेनू, टी, बी दाबलं का पुरं नाव येते, रेघा-टिंबासकट. रुखमाबाईले वाचता येत नाई, पन ते तीन बटनं तिनं ध्यानात ठेवले. मंग नाव तीच टाके. त्या टिंबावर बोट ठेवून म्हने, "हे पाह्य माही माय, टिकली लावून आली."

शेवटच्या बाजारी सर लवकर आले. पानं चाळली अन् नाक मुरडलं.

"ह्या बाईचं नाव कायले पानोपानी? काढ. माहं टाक. त्याच बटनावर बसवून दे, सोपं जाईन तुले."

"सर, गानी तिच्या मायची हायेत."

"तिले कुठी वाचता येते?" सर हासले.

माह्या तोंडात कडू पानी आलं. एवढा शिकला-सवरला मानूस, अन् म्हातारीच्या मेलेल्या मायले उठवून तिच्या जागेवर बसाले पाह्यते. थू त्या डिग्रीवर. पन कॉलेजचं सारं टायपिंग त्याच्याच हातून येते. मी गुमान फाईल उघडली अन् बटनावर त्याचं नाव बसवलं. मंग पानोपानीही बदललं. हो, मीच बदललं.

रुखमाबाई आली. शेवटचं गानं सांगितलं, पुढं सरकून तीन बटनं दाबले, अन् स्क्रीनकडं पाहतच राह्यली.

"टिकली कुठी गेली?" तिनं इचारलं. "रेघा हायेत. टिकली नाई. हे माही माय नोहे."

सर मोबाईलात पाहून राह्यले होते. ती भांडली नाई. ज्या बोटानं बटन दाबलं ते तिनं लुगड्याले पुसलं, दोनदा, घान लागल्यावानी. मंग पिशवी उचलली. सरची किळस आली होतीच, आता माही मलेच आली.

"थांब माय," मी म्हनलं. फाईल उघडली अन् सरच्या देखत बटनावर तुळसाबाईले परत आनलं.

"धम्मरत्न, पागल झाला का? कॉलेजचं काम इसर मंग."

"इसरलो, सर."

सर दार आपटून गेले. मी साऱ्या पानांवरचं बदललेलं नाव रुखमाबाईले दाखवलं अन् खुर्ची तिच्याकडं सरकवली. ती काही बसली नाई, अन् बोटही पुढं केलं नाई.

"तूनं पुसलं," ती म्हनली. "तूच लिव्ह. त्रेसष्ट खेपा. मी पाहते."

मी मेनूवर बोट ठेवलं.