विश्वासरावांचा रानपेरू

धार दरबारच्या जंगल कचेरीत आपण एकटेच विद्वान आहोत, असं विश्वासरावांचं ठाम मत होतं. इतरांना विचारायची गरज त्यांना कधी भासली नाही. १९०८ च्या थंडीत त्यांना तिरल्याकडच्या रानातल्या झाडांची यादी करायला धाडलं. बरोबर दोन शिपाई, त्यांना बसायला कचेरीचा घोडा आणि वाट दाखवायला सीता. रानातून मध-डिंक गोळा करणारी बाई.

दुसऱ्याच दिवशी एका बुटक्या झाडावर लिंबाएवढी पिवळी फळं दिसली. टोकाला अगदी पेरूसारखा मुकुट.

"रानपेरू!" विश्वासरावांनी वहीत लिहूनही टाकलं.

"बासाब, यो जाम नी है," सीता म्हणाली. तिकडे पेरूला जाम म्हणत. "पत्ती तो देखो."

"पानं बकऱ्यांनी बघावीत!" विश्वासराव म्हणाले, आणि शिपायांना पटावं म्हणून दोन फळं सालीसकट खाल्ली. चेहरा वाकडा होत होता, तरी "गोड आहे" म्हणाले.

अर्ध्या तासात सगळी विद्वत्ता बाहेर आली. सकाळचे पोहे आले, रात्रीची भाकरी आली. आता साहेबांच्या मुंजीतले लाडूही येणार, असं एका शिपायाला वाटलं. आधारासाठी विश्वासरावांनी फांदी धरली, तर तळहातात काटे घुसले.

"जामला काँटा कब से आया?" सीतेने पाणी देत विचारलं.

मग तिने डहाळी मोडून दाखवली. काट्यांच्या बुडाशी पानांचे झुबके होते. "जामची पत्ती जोडी-जोडीने येते. चुरगळली की वास येतो. याला है क्या?" तिने फळ फोडलं. आत चपट्या बियांचा घाणेरडा लगदा. "मैनफल. वैद इसीसे उलटी कराते हैं. हम कूटके पानी में डालके मछली पकड़ते हैं."

"म्हणजे गेळफळ," विश्वासराव क्षीण आवाजात म्हणाले, आणि त्यांनी नोंद खोडली.

पुढचे नऊ दिवस सीतेने पान बघितल्याशिवाय त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. यादीत 'ओळख पटवणारे' या रकान्यात एकशेचौदा वेळा तिचंच नाव आलं.

वरिष्ठ मोरोपंत भडकले. "कचेरीची अब्रू काय राहिली? खोडा ते नाव!"

"खोडतो," विश्वासराव म्हणाले. "मग आपण सही करा, की ही झाडं आपण स्वतः ओळखलीत."

मोरोपंतांनी कचेरीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या झाडाचं नावही त्यांना सांगता आलं नसतं. "राहू द्या," ते पुटपुटले.

पुढल्या वर्षी आणखी लांबच्या रानाची यादी करायची ठरली. सीता यायला तयार होती, पण तिची एक अट होती: साहेबांच्या घोड्यावर ती बसणार.

विश्वासराव चालत गेले.